आजाऱ्यांच्या आप्तांचा आश्रयदाता : श्री संत गाडगे महाराज

पंढरपूर, नाशिक, आळंदी या क्षेत्री जाणाऱ्या भाविकांस श्री संत गाडगे महाराजांच्या धर्मशाळा सुपरिचित आहेत. परंतु महाराजांनी एक धर्मशाळा मुंबईत रुग्णालयाच्या दारी उभारली, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील व्यसनापायी अकाली निवर्तले. मातोश्री सखूबाई लहानग्या डेबूजीस घेऊन दापुरे येथे माहेरी आल्या. मामांची गुरे राखण्यात व शेत कसण्यात त्यांचे बालपण सरले. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांची गोधडी, हाती खराटा आणि पाणी पिण्यास मातीचे गाडगे, एवढाच संसार. दिवसा गाव झाडावा व रात्री कीर्तन करावे, हा क्रम पुढे पन्नास वर्षे चालला.

१९२३ साली कोकणात कीर्तन चालू असतानाच पुत्र गोविंद निवर्तल्याची वार्ता आली. महाराजांनी कीर्तन खंडित केले नाही.

१९५४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ आजाऱ्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी राहिली. या दोन घटनांची सांगड घालण्याचा मोह आवरलेला बरा. दोहोंत ३१ वर्षांचे अंतर आहे. मात्र परगावाहून आजारी लेकरू घेऊन आलेल्या माता-पित्यांची दैना प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कळत नाही. लेकरास खाट मिळते, उशाशी माता बसते. पित्याने रात्री कोठे पडावे? चूल कोठे मांडावी? पदपथावर दिवस काढता काढता गाठीचे पैसे संपतात आणि उपचार अर्धवट टाकून कुटुंब गावी परतते. औषधासाठी दान देणारे भेटतात. आजाऱ्याच्या सोबत्यास आसरा देण्याचे क्वचितच कोणास सुचते. महाराजांस ते सुचले, कारण त्यांचे स्वतःचे आयुष्य उघड्यावर गेले होते.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा, पाठशाळा, गोरक्षण व अन्नछत्रे उभी केली. स्वतःसाठी मात्र झोपडीही बांधली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. १९५२ साली या सर्व कार्याच्या व्यवस्थेसाठी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक पेढी नदीपाशी महाराजांचे महानिर्वाण झाले. त्यांची समाधी अमरावती येथे आहे.

त्यांच्या पश्चात मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाची आणखी एक धर्मशाळा झाली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे दूरदूरचे रुग्ण व त्यांचे आप्त येथे उतरतात. रक्ताच्या कर्करोगाने पीडित बालकांचे उपचार तर महिनोन्‌महिने चालतात. त्यातील बराच काळ बालक रुग्णालयाच्या खाटेवर नसते, तरीही रुग्णालयाच्या जवळपास राहावेच लागते. तीव्र औषधांनी त्याची रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. अशा बालकास झाडलेली खोली, शुद्ध पाणी व ताजे अन्न औषधाइतकेच आवश्यक असते. महाराजांच्या हातचा खराटा येथेही कामी येतो.