ठाकुरांच्या घरचा सुतार : रथींद्रनाथ

आपल्या स्मरणिकेच्या पानांवर आजवर जी चरित्रे आली ती बहुतेक आपल्याच ज्ञातीत जन्मलेल्या कर्त्या पुरुषांची होती, आणि ते योग्यच होते. यंदा ज्यांची हकीगत सांगावयाची आहे ते जन्माने आपले नव्हत. ते बंगालमधील एका मोठ्या जमीनदार घराण्यात जन्मले, विश्वविख्यात कवीचे पुत्र म्हणून वाढले आणि एका विद्यापीठाचे पहिले उपाचार्यही झाले. असे असूनही हातात पटाशी धरून बसण्यात त्यांना जे समाधान लाभे ते त्या उच्चासनावर कधी लाभले असेल असे वाटत नाही. आपला जन्म कलावंतांच्या कुळातला, शिक्षण विज्ञानाचे, आणि आयुष्यभर केलेले काम मात्र चांभाराचे व सुताराचे, अशा अर्थाचे ते स्वतःविषयी सांगत असत. ज्या दोन व्यवसायांची नावे सांगावयास त्या काळचे पुष्कळ सुशिक्षित लाजत, ती त्यांनी आपण होऊन स्वतःस लावून घेतली, एवढ्याचसाठी तरी आपण त्यांची ओळख करून घेतली पाहिजे.

रथींद्रनाथांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी झाला. रवींद्रनाथ ठाकूर व मृणालिनीदेवी यांच्या पाच अपत्यांतील हे दुसरे, आणि पुत्रांमध्ये थोरले. त्यांचे चुलते सत्येंद्रनाथ हे सनदी नोकरीत प्रवेश मिळविणारे पहिले हिंदी गृहस्थ. ती नोकरी त्यांनी मुंबई इलाख्यात केली व १८९७ साली साताऱ्याचे न्यायाधीश असता ते निवृत्त झाले. तेव्हा ठाकूर घराण्याचा आपल्या मुलखाशी अगदीच संबंध नव्हता असे नाही.

रथींद्रनाथांच्या बालपणाचा मोठा काळ पद्मा नदीच्या काठी, शिलाईदह येथील जमीनदारीच्या ठिकाणी गेला. तेथे त्यांना इंग्रजी शिकविण्यासाठी लॉरेन्स नावाचे शिक्षक ठेविले होते. या गृहस्थांना रेशमाचे किडे पाळण्याचे विलक्षण वेड होते. व्याकरणापेक्षा असल्या गोष्टींकडे मुलाचे लक्ष अधिक लागले असेल तर नवल नाही. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात आश्रमशाळा काढली, तेव्हा आरंभीच्या मूठभर विद्यार्थ्यांत त्यांचा हा मुलगाही होता. १९०२ साली मातोश्री निवर्तल्या, १९०३ साली बहीण रेणुका गेली, आणि १९०७ साली रथींद्रनाथ अमेरिकेत शिकत असता धाकटा भाऊ शमींद्र अकराव्या वर्षी पटकीने दगावला. त्यानंतर वंशाचा व वडिलांच्या सर्व संकल्पांचा भार या एकट्या मुलावर आला.

अमेरिकेस ते १९०६ साली गेले होते. त्या काळी श्रीमंतांची मुले विलायतेस बॅरिस्टर होण्यास जात. रवींद्रनाथांनी आपल्या मुलास इलिनॉय विद्यापीठात शेतकी शिकण्यास धाडले. १९०९ साली पदवी घेऊन रथींद्रनाथ परतले आणि शिलाईदह येथे त्यांनी नव्या पद्धतीची शेती व एक लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. १९१० च्या जानेवारीत प्रतिमादेवींशी त्यांचा विवाह झाला. त्या बालविधवा होत्या, आणि ठाकूर घराण्यातील हा पहिला पुनर्विवाह. प्रतिमादेवी स्वतः उत्तम चित्रकार होत्या. चित्रकार गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ हे त्यांचे सख्खे मामा.

शेती रुजू लागली होती तोच वडिलांचे बोलावणे आले. शाळेस माणूस हवे होते. रथींद्रनाथांनी नांगर सोडला व ते शांतिनिकेतनात आले. त्यांच्या आयुष्यात असे पुढेही घडत गेले. वडिलांची प्रवासव्यवस्था, पत्रव्यवहार, विश्वभारतीचा हिशेब, देणग्यांची विवंचना हे सर्व त्यांच्याकडे आले. १९१२ साली लंडनला जाताना ‘गीतांजली’च्या इंग्रजी अनुवादाचे हस्तलिखित असलेली पेटी त्यांच्याकडून भुयारी रेल्वेत राहिली व हरवलेल्या सामानाच्या कचेरीत ती सुखरूप सापडली. ही आख्यायिका नव्हे, खरी घडलेली गोष्ट आहे. परंतु चाळीस वर्षे ज्याने वडिलांचे सर्व काही सांभाळले, त्याचे नाव निघाले की लोकांस ती एकदा विसरलेली पेटीच आठवावी, याला काय म्हणावे!

या धबडग्यात त्यांनी स्वतःसाठी एक कोपरा राखला, तो सुतारकामाचा. उत्तरायणच्या आवारात त्यांचे काम करावयाचे स्थान होते, त्याचे नाव गुहाघर. वरच्या बाजूस प्रतिमादेवींची चित्रशाळा, तिला चित्रभानू म्हणत. वर पत्नी रंग कालवीत आहे आणि खाली पती लाकूड तासतो आहे, असे हे घर होते. कचेरीतील कामे आटोपली म्हणजे रथींद्रनाथ या गुहेत शिरत. लहान पेट्या, डबे व मेजावर ठेवावयाच्या नित्योपयोगी वस्तू ते स्वतः घडवीत, आणि त्या बहुधा घरच्या माणसांकडे व स्नेहीमंडळींकडे जात. घरातील सामानाचे आराखडेही ते काढीत. उदयन या वास्तूतील आसने व मेजे त्यांच्याच कल्पनेतून उतरलेली. ती रचना विलायती बैठकीची नक्कल नव्हे. आपल्या उष्ण देशात मनुष्य कसा बसतो, कसा लवंडतो, याचा विचार तीत दिसतो. वडिलांना एका घरात फार दिवस करमत नसे. त्यांच्यासाठी कोणार्क, मातीच्या छताची श्यामली (१९३५), पुनश्च, उदीची अशी घरे एकामागून एक उभी राहिली, आणि वास्तुरचनाकार सुरेंद्रनाथ कर यांच्याबरोबरीने रथींद्रनाथांनी त्यांत लक्ष घातले. पित्यासाठी पुत्राने केलेले घरकाम म्हणावयाचे तर हेही त्यातलेच.

त्यांच्या लाकूडकामाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे लाकडात लाकूड बसविण्याची कारागिरी. ते लाकडास रंग देत नसत. एक लाकूड पिवळसर, दुसरे तांबूस, तिसरे काळपट, असे निसर्गाने दिलेलेच रंग घेऊन त्यांचे तुकडे एकमेकांत बसवून ते नक्षी किंवा चित्र साधीत. लाकडाची शीर कोणत्या अंगाने धावते यावरच चित्रातील पाणी, आकाश किंवा पान ठरावयाचे. हे काम किती नाजूक आहे हे आपल्या वाचकांस सांगावयास नको, तरी आमच्या तरुण पिढीसाठी दोन शब्द लिहितो. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, परंतु ते शिरेच्या आडव्या अंगाने, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. शिसवीच्या फळीत हळदूचा तुकडा बसवावयाचा असेल तर दोहोंची शीर व दोहोंचा सुकवा न पाहता खाच पाडणाऱ्याचे काम पहिल्या पावसाळ्यातच उघडे पडते. तुकडा वर उचलतो, नाही तर उन्हाळ्यात कडेने फट पडते. रंगाचा हात मारून ही चूक झाकता येत नाही, कारण येथे रंगच नाही. बंगालच्या हवेत असले काम टिकविणाऱ्याने लाकूड किती दिवस राखून ठेविले असेल आणि पटाशीला किती वेळा धार लावली असेल याची कल्पना ज्याची त्याने करावी.

केवळ स्वतःच्या छंदावर ते थांबले नाहीत. १९२२ साली एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने श्रीनिकेतनात ग्रामसुधारणेचे काम सुरू झाले. तेथील शिल्पभवनात विणकाम, सुतारकाम, चामड्याचे काम इत्यादी शिकविले जाई. कासाहारा नावाच्या एका जपानी कारागिराने तेथे सुतारकाम व बागकाम शिकविले. चामड्यावरील नक्षीकाम रथींद्रनाथ व प्रतिमादेवी यांनी शांतिनिकेतनात रुजविले, आणि पुढे ते त्या गावाच्या नावाने देशभर विकले जाऊ लागले. चांभाराचे काम म्हणून त्यांनी ज्याचा उल्लेख केला ते हे.

येथे एक शंका आमच्या मनात येते ती लपवून ठेवीत नाही. ज्याची चूल पटाशीवर अवलंबून नाही त्याने पटाशीचे गोडवे गावेत, हे सोपे आहे. त्यांनी दिलेल्या पेटीचा भाव कोणी पाडून मागितला नसेल, ठरल्या दिवशी ती झाली नाही म्हणून कोणी दारात येऊन आवाज चढविला नसेल. बंगालमध्ये सुतारास सूत्रधर म्हणतात. आपला ‘सुतार’ आणि त्यांचा ‘सूत्रधर’ ही एकाच सूत्राची लेकरे. त्या सूत्रधरांपैकी कित्येकांनी पिढ्यान्पिढ्या खांब, पालख्या, रथ कोरले आणि त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. ठाकुरांच्या मुलाने डबा केला तर तो कला म्हणून जपला जातो. हा भेद खरा आहे आणि तो बोचतो. परंतु त्याचा दोष रथींद्रनाथांवर टाकणे न्याय्य होणार नाही. त्यांनी हे काम शौक म्हणून मिरविले नाही. आपली ओळख म्हणून ते सांगितले. आणि दुसरेही एक आहे. आपल्यापैकी किती घरांत वडिलांनी केलेला पाळणा, आजोबांनी केलेला देव्हारा, मुलीच्या लग्नात दिलेला पाट अद्याप आहे? गिऱ्हाइकाचे काम आधी, घरचे मागाहून, असे म्हणता म्हणता घरचे राहूनच गेले, आणि मुले कचेरीत गेल्यावर रंधा माळ्यावर गेला. या लेखकाच्या घरीही तो तेथेच आहे.

७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथ निवर्तले. त्यांची हस्तलिखिते, पत्रे व चित्रे जतन करण्यासाठी रवींद्रभवन उभारण्याचे काम रथींद्रनाथांनीच हाती घेतले. १९५१ साली विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाली व ते तिचे पहिले उपाचार्य झाले. परंतु ते आसन त्यांस मानवले नाही. कारभारावरून व खाजगी आयुष्यावरून कटु चर्चा झाल्या. त्यांच्या तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे, तथापि त्या झाल्या हे चरित्रकाराने दडवूही नये. १९५३ साली त्यांनी पद सोडले, शांतिनिकेतन सोडले व ते देहरादूनला जाऊन राहिले. प्रतिमादेवी मागेच राहिल्या. दोघांमध्ये पत्रे मात्र जात-येत राहिली.

वयाच्या पासष्टीला आलेल्या या गृहस्थाने नव्या गावी नव्याने घर मांडले. फुलझाडे लावली, फुलांची चित्रे काढली, आणि लाकूडकाम तेथेही चालू ठेविले. आठवणींचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पित्याविषयी पुष्कळ आहे व स्वतःविषयी फारच थोडे. लेखणी हाती घेतली की ते वडिलांचे होत, पटाशी हाती घेतली म्हणजे तेवढा वेळ स्वतःचे, असे आम्हांस वाटते.

१९६१ च्या मे महिन्यात रवींद्रनाथांची जन्मशताब्दी देशभर साजरी झाली. सभा झाल्या, नाटके झाली, तिकिटे निघाली. तो गजर अजून ओसरला नव्हता तोच ३ जून १९६१ रोजी देहरादून येथे रथींद्रनाथांचे देहावसान झाले. त्यांनी केलेल्या लाकडी वस्तूंपैकी काही शांतिनिकेतनात जतन करून ठेवण्यात आल्या. बाकीच्या त्यांनी ज्यांना दिल्या त्यांच्या घरी गेल्या.