भयकथांचा बादशहा मेला आणि त्याचं चरित्र लिहिलं त्याच्याच वैऱ्यानं

३ ऑक्टोबर १८४९. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एका गुत्त्यापाशी एक माणूस अर्धवट शुद्धीत सापडला. अंगावरचे मळके कपडेही दुसऱ्याच कुणाचे वाटत होते. त्याला दवाखान्यात नेलं, पण आपल्याला काय झालंय हे तो शेवटपर्यंत नीट सांगू शकला नाही. ७ ऑक्टोबरला तो गेला. वय फक्त ४०.

हा माणूस म्हणजे एडगर ॲलन पो. त्याच्या मृत्यूचं कोडं आजही सुटलेलं नाही. पण खरा खेळ झाला तो तो गेल्यानंतर.

आधी त्याची गोष्ट थोडक्यात बघू.

१९ जानेवारी १८०९ ला बोस्टनमध्ये एडगरचा जन्म झाला. आईवडील दोघंही नाटकात काम करायचे. वडील घर सोडून गेले आणि एडगर तीन वर्षांचा व्हायच्या आत आईही वारली. रिचमंडच्या जॉन ॲलन या व्यापाऱ्यानं त्याला सांभाळलं. त्याच्या नावातलं 'ॲलन' तिथूनच आलं. पण कायदेशीर दत्तक काही घेतलं नाही. पुढं जुगारात कर्ज झालं, शिक्षण सुटलं, दोघांचं बिनसलं. ॲलननं मृत्युपत्रात त्याला काहीच ठेवलं नाही.

एडगरनं मग लेखणीवर पोट भरायचं ठरवलं. १८४१ साली त्यानं 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' लिहिली. आधुनिक डिटेक्टिव्ह कथेची सुरुवात इथूनच मानतात. शेरलॉक होम्स यायला अजून ४६ वर्षं होती! १८४५ मध्ये 'द रेव्हन' या कवितेनं त्याचं नाव घराघरात गेलं. पैसे मात्र किरकोळच मिळाले. दोन वर्षांनी बायको व्हर्जिनिया क्षयानं गेली.

त्याच्या भयकथांची खासियत काय? त्यातली भीती बऱ्याचदा भुतांची नसते, माणसाच्या डोक्यातली असते. 'द टेल-टेल हार्ट'मध्ये खुनीच आपल्याला गोष्ट सांगतो आणि आपण वेडे नाही हे पटवत राहतो.

नेमकं हेच एडगरला महागात पडलं.

रुफस ग्रिसवोल्ड नावाचा एक संपादक होता. एडगरनं त्याच्या कवितासंग्रहावर टीका केली होती. त्याचा राग ग्रिसवोल्डच्या डोक्यात होताच. एडगर गेल्यावर दोनच दिवसांत त्यानं टोपणनावानं मृत्युलेख छापला. या माणसाच्या जाण्याचं दुःख फार कुणाला होणार नाही, असा त्याचा सूर होता. पुढं एडगरचं साहित्य छापायचं कामही त्याच्याचकडे आलं. १८५० मध्ये त्यानं चरित्र लिहून एडगरला नीतिमत्ता नसलेला, माथेफिरू माणूस ठरवलं. पुरावा म्हणून एडगरच्या पत्रांत स्वतःची वाक्यं घुसडली.

एडगर दारू प्यायचा, कर्जात होता, हे खरंच होतं. बाकीचं लोकांनी त्याच्या कथा वाचून खरं मानलं. गोष्टीतला वेडा खुनी म्हणजे लेखकच, असं त्यांना वाटलं. मित्रांनी विरोध केला, पण ही प्रतिमा पुढं कित्येक वर्षं टिकली. १९४१ साली आर्थर हॉबसन क्विन या अभ्यासकानं मूळ पत्रं समोर ठेवून बनवाबनवी उघडी पाडली.

गंमत म्हणजे या बदनामीमुळं एडगरबद्दलची उत्सुकता वाढतच गेली. फ्रान्समध्ये कवी बोदलेअरनं त्याच्या कथांचे अनुवाद केले. जपानच्या एका रहस्यकथाकारानं तर त्याच्या नावावरून 'एदोगावा रांपो' हे टोपणनाव घेतलं. अमेरिकेत रहस्यकथांसाठी दरवर्षी 'एडगर' पुरस्कार दिला जातो.

आणि ग्रिसवोल्ड? त्याचं नाव आज निघतं, ते एडगरच्या चरित्रात.