मोत्यांचा गालिचा आणि बडोद्याचे खंडेराव

बडोद्याच्या गादीवर १८५६ मध्ये आलेले खंडेराव गायकवाड हे दुसऱ्या सयाजीरावांचे पुत्र. थोरले बंधू गणपतराव निवर्तले आणि अठ्ठाविशीतील या पैलवानी वृत्तीच्या राजाच्या हाती राज्य आले. पुढच्याच वर्षी उत्तरेत बंडाचा वणवा पेटला. खंडेरावांनी इंग्रजांची बाजू घेतली व त्यांची मर्जी संपादन केली. दत्तक घेण्याच्या अधिकाराची सनद १८६२ मध्ये हाती आली. त्याच वर्षी डभोई ते मियागाम या मार्गावर त्यांनी रूळ टाकले. त्यावरून गाडी धावली, पण ती ओढण्यास बैल जुंपले होते!

खंडेरावांचे खरे वेड मात्र दोनच गोष्टींचे : कुस्त्या-साठमाऱ्या आणि जडजवाहीर. लुई रुसले या फ्रेंच प्रवाशाने त्यांच्या दरबारातील हत्तींच्या झुंजींची व रत्नांची सविस्तर वर्णने केली आहेत. ब्राझीलमध्ये १८५३ साली खाणीत राबणाऱ्या एका गुलाम स्त्रीला सापडलेला हिरा अ‍ॅमस्टरडॅमला पैलू पाडल्यावर १२८ कॅरटांहून अधिक भरला. 'दक्षिणेचा तारा' म्हणून युरोपभर गाजलेला हा हिरा खंडेरावांनी १८६७ च्या सुमारास ८० हजार पौंडांना घेतला. तेव्हाच्या विनिमयाने ही रक्कम आठ लाख रुपयांच्या घरात जाते. योगायोग असा, की १८६७ मध्येच दक्षिण आफ्रिकेत हिरा सापडला आणि हिऱ्यांच्या दुर्मीळपणाचा काळ सरू लागला. महाराजांच्या जवाहिऱ्यांना त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते.

हा पैसा आला कोठून? अमेरिकेतील यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेजीच्या त्या काळात जमिनीची नवी आकारणी झाली. तेजी ओसरली, भाव कोसळले. आकारणीचा बोजा मात्र कुणब्याच्या मानेवर राहिला. रसिक, दिलदार राजा म्हणून खंडेरावांचे कौतुक करताना ही बाजू सहसा कोणी सांगत नाही.

मोत्यांचा गालिचा याच काळातला. रेशीम व हरणाच्या कातड्यावर सुमारे १५ लाख बसरा मोती ओवलेले, मध्ये सोन्यात जडवलेले हिरे, पाचू, माणके. मदिनेतील प्रेषितांच्या समाधीसाठी भेट म्हणून खंडेरावांनी तो घडविण्यास घेतला, असे परंपरा सांगते. एका हिंदू मराठा राजाने असा संकल्प करावा, यात त्या काळच्या बडोद्याला फारसे नवल वाटले नसावे. २८ नोव्हेंबर १८७० रोजी महाराज निवर्तले. गालिचा बडोद्यातच राहिला.

धाकटे बंधू मल्हारराव कटाच्या आरोपावरून पादऱ्याला कैदेत होते, ते गादीवर आले. खंडेरावांच्या पश्चात राणी जमनाबाईंना कन्या झाली. पुढे रेसिडेंट फेयर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडली. चौकशी मंडळात मतभेद झाले, तरी १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले. त्यानंतर जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला. तेच तिसरे सयाजीराव.

हा खजिना मोठ्या प्रमाणावर फुटला तो विसाव्या शतकात. प्रतापसिंहराव महाराजांच्या द्वितीय पत्नी सीतादेवी यांच्याबरोबर गालिचा मोनॅकोस गेला. एव्हाना जपानी संवर्धित मोत्यांनी नैसर्गिक मोत्यांचा बाजार बसविला होता. पण अस्सल बसरा मोती दुर्मीळ होताच त्यांचे भाव पुन्हा चढले. बडोद्याच्या जुन्या सातपदरी हारातील अवघ्या ६८ मोत्यांचा दुपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरना विकला गेला. दोन वर्षांनी दोहा येथे गालिच्याचा लिलाव झाला. १५ लाख मोत्यांना मिळाले सुमारे ५५ लाख डॉलर! मोत्यांची किंमत संख्येवर ठरत नाही. आकार, गोलाई, पाणी आणि जुळणी यांवर ठरते. गालिच्यातील दाणे बारीक होते, हारातील टपोरे.

'दक्षिणेचा तारा' २००२ मध्ये कार्तिए या फ्रेंच जवाहिऱ्यांकडे गेला. गालिचा कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या आखाताच्या पाण्यातून पाणबुड्यांनी ते मोती काढले होते, त्याच आखाताच्या काठावर.