रोज चार-सहा पीस फेल निघतात, मग चूक कामगाराची का? १९२४ मध्ये एका पानाने हे कोडं सोडवलं

समजा, मोबाईल चार्जरचे सर्किट बोर्ड बनवणारी एक लाईन आहे. रोज १०० बोर्ड तपासले जातात. सोमवारी ४ फेल. मंगळवारी ७. लगेच सुपरवायझर लाईनवर येतो, ऑपरेटरला झापतो, मशीनचं सेटिंग बदलतो. बुधवारी ३ फेल निघतात, साहेब खूश. गुरुवारी पुन्हा ६. परत झापाझापी, परत सेटिंग.

आता यात नेमकं काय बिघडलं होतं? बहुतेक काहीच नाही.

हे छातीठोकपणे कसं सांगायचं, ते जगाला शिकवलं वॉल्टर शूहार्ट या माणसाने. तेही अशा काळात, जेव्हा आजच्यासारखे सर्किट बोर्ड कुठल्याच कारखान्यात बनत नव्हते.

शूहार्ट यांचा जन्म १८ मार्च १८९१ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या न्यू कँटन गावचा. शिक्षण फिजिक्सचं. १९१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्याच वर्षी ते वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत लागले.

शिकागोला खेटून असलेला या कंपनीचा हॉथॉर्न कारखाना म्हणजे हजारो कामगारांचं एक गावच. तिथे बेल कंपनीसाठी टेलिफोन आणि त्याची यंत्रसामग्री बनायची. यातली बरीचशी यंत्रणा जमिनीखाली पुरली जायची. म्हणजे एक पार्ट खराब निघाला की रस्ता खणा, दुरुस्त करा, पुन्हा बुजवा. त्यामुळे क्वालिटी हा कंपनीसाठी जीवनमरणाचा प्रश्न होता.

तेव्हाचा उपाय सरळ होता. माल तयार झाला की इन्स्पेक्टरने तपासायचा आणि खराब पीस बाजूला काढायचे. पण तो खराब का झाला, हे कळायचं नाही. त्यात जरा फरक दिसला की मशीन ॲडजस्ट करायची सवय. गंमत म्हणजे, जितकं ॲडजस्ट करावं तितका मालातला फरक वाढत जायचा.

शूहार्ट यांनी यातली मेख ओळखली. फरक दोन प्रकारचे असतात. एक रोजचा, कामाच्या पद्धतीतच मुरलेला. कच्चा माल, मशीन, हवामान, हात, सगळ्यांचा थोडा थोडा वाटा त्यात असतो. दुसरा अचानक आलेला, ज्यामागे शोधून सापडेल असं ठरावीक कारण असतं.

१६ मे १९२४ ला त्यांनी आपले वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना जेमतेम एक पानाचं टिपण दिलं. त्यातला साधारण एक तृतीयांश भाग एका आकृतीनेच व्यापला होता. तोच आजचा कंट्रोल चार्ट. मध्ये सरासरीची रेघ, वर आणि खाली मर्यादेच्या दोन रेघा. या मर्यादा साहेबांच्या मनाने ठरत नाहीत, त्या प्रत्यक्ष आकड्यांवरून गणिताने काढतात.

आता आपल्या लाईनकडे या. महिन्याभराची सरासरी रोज ५ फेल अशी असेल, तर १०० बोर्डांसाठी वरची मर्यादा साधारण ११ वर येते. म्हणजे ४, ७, ३, ६ हे सगळे आकडे एकाच पद्धतीची पोरं. मंगळवारी ऑपरेटरने खाल्लेल्या शिव्या फुकटच्या होत्या. पण शुक्रवारी १४ निघाले, तर लाईन थांबवायची आणि त्या दिवशी काय बदललं ते शोधायचं. सोल्डर पेस्टचा नवा डबा उघडला का? स्टेन्सिलची भोकं तुंबली का? ओव्हनचं तापमान हललं का?

मग रोजचे ५ फेल तसेच सोडायचे का? तर नाही. पण ते ऑपरेटरला झापून कमी होत नाहीत. त्यासाठी चांगली पेस्ट आणावी लागते, स्टेन्सिल किंवा बोर्डचं डिझाईन बदलावं लागतं. हे निर्णय आणि त्याचा खर्च मॅनेजमेंटच्या हातात असतो. शूहार्ट यांच्या चार्टने जबाबदारीची अशी सरळ वाटणी करून दिली.

१९२५ पासून १९५६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते बेल लॅबमध्ये होते. १९३१ मध्ये त्यांनी या विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्यांची पद्धत युद्धसामग्रीच्या कारखान्यांत नेली. १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने ते भारतातही येऊन गेले आणि आपल्या उद्योगांना या पद्धतीची ओळख झाली. १९५० मध्ये एडवर्ड्स डेमिंग यांनी हीच शिकवण जपानला दिली. पुढे डेमिंग यांचं नाव जगभर गाजलं, शूहार्ट मात्र मागे राहिले. ११ मार्च १९६७ ला न्यू जर्सीत त्यांचं निधन झालं.

आज सर्किट बोर्डच्या लाईनवर कॅमेरे सोल्डर पेस्टचा थर मोजतात आणि कॉम्प्युटर तो आकडा लगेच चार्टवर टाकतो. मोजणारं यंत्र बदललं, रेघा त्याच आहेत. आणि ज्या कारखान्यात त्या रेघा बघितल्या जात नाहीत, तिथे मंगळवारच्या ७ साठी ऑपरेटर अजूनही शिव्या खातोय.