वाद्यवृंदनायक चिक चॉकलेट

पाठपरिचय
चित्रपटातील गीत ऐकताना आपल्याला गायक आठवतो, संगीतकार आठवतो. परंतु गीतामागे वाजणाऱ्या वाद्यांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती वाद्ये वाजवणाऱ्या कलावंतांनी हिंदी चित्रपटसंगीताला मोठे योगदान दिले आहे. अशाच एका गोमंतकीय कलावंताचा परिचय या पाठात आपण करून घेणार आहोत.

बालपण आणि संगीतशिक्षण
चिक चॉकलेट हे त्यांचे रंगमंचावरील नाव. त्यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म 1916 साली गोव्यातील बार्देश तालुक्यातील हळदोणे या गावी झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. गावोगावच्या चर्चला जोडून संगीतशाळा असत. तेथील मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी वाचायला, सुरात गायला आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवायला शिकवत. चर्चमधील प्रार्थनेसाठी गायक-वादक तयार करणे हा या शाळांचा हेतू होता. परंतु या शिक्षणाचा आणखी एक लाभ झाला. कागदावर लिहिलेले संगीत वाचून ते तत्काळ वाजवण्याचे कौशल्य सामान्य कुटुंबांतील मुलांनाही प्राप्त झाले आणि पुढे तेच अनेकांच्या उपजीविकेचे साधन बनले.

आंतोनियो अशाच वातावरणात वाढले. मुलाने यंत्रदुरुस्तीचे काम शिकून स्थिर उत्पन्न मिळवावे, अशी त्यांच्या आईची इच्छा होती. वादकाचे जीवन अनिश्चित असते, आज काम मिळाले तरी उद्याची शाश्वती नसते, हे पाहता ती इच्छा अवाजवी म्हणता येणार नाही. तरीही आंतोनियो यांनी ट्रम्पेट या वाद्याची निवड केली.

मुंबईतील जॅझ
गोव्यात रोजगाराच्या संधी कमी असल्याने अनेक तरुण मुंबईची वाट धरत. तेथे आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कूड’ या सामुदायिक निवासांत त्यांना आसरा मिळे. वादकांना मोठी हॉटेले, नृत्यगृहे आणि मूकपटांच्या काळात चित्रपटगृहे यांत काम मिळत असे.

याच सुमारास मुंबईत जॅझ संगीताचे आगमन झाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी न्यू ऑर्लिन्स या शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी हा संगीतप्रकार घडवला. लिहिलेली चाल जशीच्या तशी न वाजवता वादकाने ऐनवेळी स्वतःच्या कल्पनेने तिचा विस्तार करणे, हे जॅझचे वैशिष्ट्य आहे. आपला गायक रागाच्या मर्यादेत राहून आलाप-ताना घेतो, त्याच्याशी याचे थोडे साम्य आहे. 1935 साली लिऑन ॲबी हे व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यानंतर आलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांच्यासारख्या कलावंतांमुळे गोमंतकीय वादकांना हे संगीत प्रत्यक्ष ऐकायला मिळाले.

चिक यांनी अमेरिकेचे थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानले. त्यांची वादनशैली, त्यांचे घोगऱ्या आवाजातील गाणे, एवढेच नव्हे तर हातात रुमाल धरण्याची लकबही चिक यांनी आत्मसात केली. त्यामुळे रसिक त्यांना मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. 1940 च्या दशकात त्यांचा ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा बँड ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या.

चित्रपटसृष्टीत प्रवेश
रात्री हॉटेलात वाजवणारे हे वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात काम करत. पुढे 1949 साली मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला. हॉटेलांतील नृत्यरात्री मंदावल्या आणि चित्रपटांतील कामाचे महत्त्व अधिकच वाढले.

पुणतांबे येथे जन्मलेले मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांना पाश्चात्त्य तालांचे विशेष आकर्षण होते. त्यांचे साहाय्यक म्हणून चिक यांनी काम केले. भारतीय संगीतकार चाल गाऊन दाखवत. ती स्वरलिपीत उतरवणे, कोणत्या वाद्याने कोठे वाजावे हे ठरवणे, दोन ओळींमधील जागा वाद्यांनी भरणे आणि प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहिणे, ही कामे गोमंतकीय संयोजक करत. अशा रीतीने चाल भारतीय राही आणि तिला साज मात्र पाश्चात्त्य वाद्यांचा चढे. ‘समाधी’ (1950) आणि ‘अलबेला’ (1951) या चित्रपटांच्या संगीतात या मिलाफाची प्रचीती येते. भगवान यांच्या ‘अलबेला’मध्ये चिक आणि त्यांचे सहकारी झालरीच्या बाह्यांचे पोशाख घालून पडद्यावरही झळकले.

‘नादान’ (1951) व ‘रंगीली’ (1952) या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. ‘नादान’मधील तलत महमूद यांनी गायिलेले संथ गीत ऐकल्यास, केवळ ठेकेदार संगीतापुरती त्यांची प्रतिभा सीमित नव्हती, हे पटते. मात्र स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांना फारसे चित्रपट मिळाले नाहीत.

अखेर आणि वारसा
‘आखरी खत’ (1966) या चित्रपटातील एका गीताच्या प्रसंगात ट्रम्पेट वाजवणारे चिक आजही पाहता येतात. त्यानंतर लवकरच, 1967 साली, त्यांचे निधन झाले. नामवंत सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस हे त्यांचे जामात. चिक यांची कन्या इव्हॉन यांनीही जॅझ गायिका म्हणून हा वारसा पुढे चालवला.

त्या काळात बहुसंख्य वादकांची व संयोजकांची नावे श्रेयनामावलीत येत नसत. गीत लोकप्रिय होई, वादक अज्ञातच राहत. चिक यांचे नाव तरी काही प्रमाणात टिकून राहिले. त्यांच्या चरित्रामुळे त्या अनेक अनाम कलावंतांच्या श्रमांचेही स्मरण होते. जुने गीत पुन्हा ऐकताना त्यातील वाद्यांकडे लक्ष देणे, ही त्यांना वाहिलेली योग्य आदरांजली ठरेल.

शब्दार्थ
शाश्वती – खात्री. लकब – विशिष्ट सवय, ढब. प्रचीती – अनुभव. जामात – जावई. श्रेयनामावली – चित्रपटातील कलावंतांच्या नावांची यादी.

स्वाध्याय
1. चर्चच्या संगीतशाळांमुळे गोव्यातील मुलांना कोणता लाभ झाला?
2. चित्रपटसंगीतातील संयोजकाची कामे तुमच्या शब्दांत लिहा.
3. चिक यांच्या आईची इच्छा तुम्हाला योग्य वाटते का? सकारण लिहा.