गृहहीनांचे महापौर : जॉर्जो ला पिरा

ज्युबिलीच्या स्मरणिकेत संतांची व धर्मगुरूंची चरित्रे देण्याची चाल आहे, आणि ती योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही वाचकांपुढे एका अशा भाविकाचे चरित्र ठेवितो, की ज्यांनी गुरुदीक्षा घेतली नव्हती, ज्यांचे सारे आयुष्य न्यायशास्त्र शिकविण्यात व नगराचा कारभार पाहण्यात गेले. आपली वस्ती सुरक्षित असावी, शेजार नांदता असावा, असे कोणास वाटत नाही? परंतु त्यासाठी काय करावे असे विचारले असता आपण बहुधा कुलूप, कुंपण आणि पहारेकरी यांचीच नावे घेतो. इटलीतील फ्लॉरेन्स शहराचे महापौर जॉर्जो ला पिरा यांनी या प्रश्नाचे उत्तर निराळ्या ठिकाणी शोधिले.

त्यांचा जन्म ९ जानेवारी १९०४ रोजी सिसिली बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोझाल्लो या गावी सामान्य कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते मेसिना येथे मामांकडे राहिले. १९०८ सालच्या भूकंपाने ते शहर जमीनदोस्त केले होते. घर कोसळले म्हणजे माणसाचे काय होते, हे या मुलाने बालपणीच पाहिले. तरुणपणी त्यांची श्रद्धा काहीशी मंदावली होती. १९२४ च्या ईस्टरच्या सुमारास ती पुन्हा प्रज्वलित झाली व पुढे कधी विझली नाही. १९२६ साली ते फ्लॉरेन्सला आले आणि तेथील विद्यापीठात रोमन कायद्याचे प्राध्यापक झाले. ते आजन्म अविवाहित राहिले. संत डॉमिनिक यांच्या तिसऱ्या वर्गाचे ते सभासद होते, आणि सान मार्को येथील मठातील एका साध्या खोलीत त्यांनी कित्येक वर्षे बिऱ्हाड केले. मिळकतीचा मोठा भाग गोरगरिबांच्या हाती जाई.

१९३४ साली त्यांनी सान प्रोकोलो या लहानशा देवळात गरिबांसाठी रविवारची मिस्सा सुरू केली. तीत भिक्षेकरी, बेकार व निराधार लोक येत. मिस्सेनंतर पाव वाटला जाई, आणि विद्यार्थी व प्राध्यापक त्यांच्याच बाकांवर बसत. दान देणारा वर आणि घेणारा खाली, असा भेद तेथे नव्हता. शहरात कोण उपाशी आहे, कोणाचे भाडे थकले आहे, हे ला पिरा यांस तेथेच कळू लागले. पुढे त्यांनी जो कारभार केला, त्याची पाठशाळा हीच होय.

मुसोलिनीच्या राजवटीत १९३९ साली त्यांनी एक लहान नियतकालिक काढिले व त्यात मनुष्यमात्राच्या प्रतिष्ठेचा कैवार घेतला. ते १९४० साली बंद पाडण्यात आले. १९४३ साली अटकेचे संकट ओढवले तेव्हा त्यांस शहर सोडून लपून राहावे लागले. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नो नदीवरील पूल उडवून दिले. पोन्ते वेक्कियो तेवढा उभा राहिला, परंतु त्याच्या दोन्ही टोकांच्या जुन्या आळ्या सुरुंगांनी उद्ध्वस्त झाल्या. युद्ध संपले, पण हजारो माणसे उघड्यावर होती.

ला पिरा १९४६ साली इटलीच्या घटनासमितीवर निवडून गेले व नव्या राज्यघटनेच्या रचनेत त्यांनी मोठा वाटा उचलिला. १९५१ साली फ्लॉरेन्सच्या नागरिकांनी त्यांस महापौर निवडिले. त्या समयी घरभाडे न देता आल्यामुळे किंवा घर पडल्यामुळे बाहेर काढिलेल्या कुटुंबांची रांग नगरपालिकेच्या दारी लागे. दुसरीकडे शहराच्या आसपास श्रीमंतांचे कित्येक बंगले रिकामे पडले होते. महापौरांनी प्रथम मालकांस विनंती केली, की हे बंगले नगरपालिकेस भाड्याने द्यावे. नकार आला तेव्हा या न्यायशास्त्रज्ञाने १८६५ सालचा एक जुना कायदा पुढे केला. निकडीच्या प्रसंगी सार्वजनिक हितासाठी खासगी मालमत्ता तात्पुरती ताब्यात घेण्याची मुभा त्यात होती. बंगले उघडले गेले, कुटुंबे आत गेली, आणि महापौरांवर टीकेचा व न्यायालयीन झगड्यांचा वर्षाव झाला.

तात्पुरती सोय पुरेशी नाही, हे ते जाणून होते. ६ नोव्हेंबर १९५४ रोजी आर्नोच्या काठी इझोलोत्तो नावाच्या नव्या वसाहतीत घरांच्या किल्ल्या कुटुंबांच्या हाती देण्यात आल्या. सरकारच्या गृहयोजनेतून उभारलेली ही सुमारे एक हजार घरे होती. त्या वसाहतीविषयी महापौरांची कल्पना अशी, की ती शहराबाहेर लोटलेल्या माणसांची छावणी होऊ नये. ते खरेखुरे नगर व्हावे. संसारासाठी घर, प्रार्थनेसाठी मंदिर, विद्येसाठी शाळा, कष्टासाठी कारखाना आणि आजाऱ्यासाठी रुग्णालय, ही पाच स्थाने प्रत्येकास लाभली तरच वस्तीस स्वास्थ्य लाभते, असे ते मानीत. त्यांच्याच कारकिर्दीत पुलांची पुनर्बांधणी पुढे गेली, शाळा बांधल्या गेल्या व शाळकरी मुलांस दूध मिळण्याची व्यवस्था झाली.

१९५३ च्या अखेरीस पिन्योने हा जुना ओतकामाचा कारखाना बंद करण्याचे मालकांनी ठरविले. सुमारे सतराशे पन्नास कामगारांच्या चुली विझण्याची वेळ आली, आणि कामगारांनी कारखान्याचा ताबा घेतला. महापौर तेथे गेले व त्या कामगारांसमवेत मिस्सेस हजर राहिले. मग त्यांनी रोममधील मंत्र्यांस व एन्रिको मात्तेई यांस आपल्या आर्जवाने भंडावून सोडिले. अखेर मात्तेई यांच्या सरकारी तेलसंस्थेने १९५४ साली तो कारखाना चालविण्यास घेतला.

त्यांचे विरोधक सारे स्वार्थी होते, असे आम्ही म्हणणार नाही. फादर लुईजी स्तुर्झो हे थोर विचारवंत स्वतः सिसिलीचेच. त्यांनी कालताजिरोने गावाचा कारभार कित्येक वर्षे वाहिलेला. सरकारने सर्व काही हाती घेतल्यास नागरिकाचे स्वातंत्र्य व उद्यम खुंटतो, असा इशारा त्यांनी १९५४ साली ला पिरा यांस उघडपणे दिला. नगरपालिकेच्या खर्चाची तोंडमिळवणी होत नाही, ही तक्रारही खोटी नव्हती. दोघेही निष्ठावंत कॅथलिक, दोघेही निःस्पृह. तरी या प्रश्नी त्यांचे एकमत झाले नाही. आमच्या मते स्तुर्झो यांचा इशारा लक्षात ठेवण्याजोगा आहे. परंतु दारात पोरेबाळे घेऊन उभ्या असलेल्या मातेस हिशेब जुळेपर्यंत थांब असे सांगणे ला पिरा यांस शक्य नव्हते, आणि ख्रिस्ताच्या शिष्यास ते शक्य असावे असे आम्हांसही वाटत नाही.

१९५५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी जगातील राजधान्यांच्या महापौरांस फ्लॉरेन्सला बोलाविले. नगरे पूर्वजांकडून मिळालेली ठेव आहेत. ती पुढील पिढीच्या हाती अखंड दिली पाहिजेत, आणि कोणत्याही राज्यसत्तेस ती नष्ट करण्याचा हक्क नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९५७ पर्यंत व पुन्हा १९६१ ते १९६५ ते महापौर होते. १९६५ साली शांततेची वाट शोधण्यासाठी ते हानोईपर्यंत गेले. ५ नोव्हेंबर १९७७ रोजी फ्लॉरेन्स येथेच त्यांनी देह ठेविला. १९८६ साली त्यांच्या धन्यवादितपदाच्या चौकशीस आरंभ झाला, आणि ५ जुलै २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या अनुमतीने त्यांचे सद्गुण वीरोचित असल्याचे जाहीर होऊन त्यांस वंदनीय ही पदवी मिळाली.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आपणांपैकी कोणी नगरसेवक होईल, कोणी ग्रामपंचायतीत बसेल, कोणी गृहसंस्थेचा चिटणीस होईल. अशा जागी बसणाऱ्याने पहिल्याच दिवशी वहीत काय लिहावे, हे या चरित्रावरून शिकावे : आपल्या वस्तीत कोणास घर नाही, कोणाचे काम सुटले आहे, कोणाचे मूल शाळेत जात नाही, कोण आजारी एकटा पडला आहे. कुलपे हवीत तर असू द्यावीत. पण ज्या आळीत ही यादी कोरी होत जाते, तेथे रात्री निश्चिंत झोप लागते. आणि ज्यांच्या वाट्यास कोणतेही पद नाही, त्यांनी येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर निदान आपल्या शेजारचे एक दार तरी ठोठवावे.