जॉर्ज बूल : पदवीविना प्राध्यापक

इंग्लंडमधील लिंकन या गावी २ नोव्हेंबर १८१५ रोजी जॉर्ज बूल यांचा जन्म झाला. वडील जोडे बनवीत. परंतु त्यांचे मन दुकानापेक्षा दुर्बिणींत आणि गणितात अधिक रमे. साहजिकच घरात ज्ञानाची ओढ होती, पैसा नव्हता. विद्यापीठाचे दार जॉर्जसाठी कधीच उघडले नाही. लॅटिनचे पहिले धडे त्यांना एका पुस्तकविक्रेत्याने दिले. ग्रीक ते स्वतःच शिकले. चौदाव्या वर्षी त्यांनी केलेले एका ग्रीक कवितेचे भाषांतर स्थानिक वृत्तपत्रात छापून आले, तेव्हा एका शिक्षकाने हे इतक्या लहान मुलाचे काम असूच शकत नाही, असा जाहीर आक्षेप घेतला.

वडिलांचा धंदा बसला आणि सोळाव्या वर्षी कुटुंबाचा भार जॉर्जवर आला. त्यांनी डॉनकास्टर येथे साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. एकोणिसाव्या वर्षी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. पुढे निवासी शाळाही चालविली. अध्यापनातून उरलेल्या वेळात ते लाग्रांज आणि लाप्लास यांचे ग्रंथ वाचीत. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने या पदवीहीन शिक्षकाला सुवर्णपदक देऊन गौरविले. १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे पहिले प्राध्यापक झाले.

१८४७ आणि १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन ग्रंथांत त्यांनी तर्काला बीजगणिताचे रूप दिले. ‘क्ष’ म्हणजे सर्व विद्यार्थी असे मानू. विद्यार्थ्यांमधून पुन्हा विद्यार्थीच निवडले, तर हाती तोच समूह येतो. म्हणून क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. संख्यांमध्ये हा नियम केवळ ० आणि १ पाळतात. बूल यांनी ० म्हणजे ‘काहीही नाही’ आणि १ म्हणजे ‘सर्व काही’ असा अर्थ लावला. ‘सर्व’ आणि ‘काही’ या शब्दांचा अधिक सूक्ष्म हिशेब गोटलोब फ्रेगे यांनी १८७९ मध्ये मांडला. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी बूल यांचे बीजगणित विजेच्या स्विचांना लागू केले आणि संगणकाच्या रचनेचा पाया घातला गेला.

आज आपली मुले बारावीच्या गणितात आणि पुढे संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात हेच तर्कशास्त्र सोडवितात. दोन विधानांची सत्यता सारणी चार ओळींची, तीन विधानांची आठ ओळींची. पाऊस पडला तर अंगण भिजते, एवढ्यावरून भिजलेले अंगण पावसाचा पुरावा ठरत नाही, हे त्या सारणीतून उमगते. ‘सर्व विद्यार्थी उपस्थित आहेत’ या विधानाचा नकार ‘कोणीही उपस्थित नाही’ असा नसून ‘किमान एक विद्यार्थी अनुपस्थित आहे’ असा असतो, हेही सरावानेच अंगवळणी पडते.

हा सराव केवळ गुणांसाठी नाही. अमुक वयाच्या, अमुक घरातल्या कोणालाही हे जमणार नाही, अशी सरसकट विधाने समाजात सदैव केली जातात. तर्कशास्त्र सांगते की असे विधान खोटे ठरविण्यास एकच उदाहरण पुरेसे असते. चौदा वर्षांचे बूल हे तसे उदाहरण होते.

१८६४ च्या अखेरीस मुसळधार पावसात पायी महाविद्यालयात जाऊन त्यांनी ओल्या कपड्यांनिशीच व्याख्यान दिले. त्यातून जडलेल्या आजाराने ८ डिसेंबर १८६४ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. युक्तिवाद कोणी केला, त्याचे वडील काय काम करीत, हे त्यांच्या समीकरणात कोठेही येत नाही. निष्कर्ष आधारविधानांतून निघतो की नाही, एवढेच तेथे पाहिले जाते.